‘मानले जाते’ : कचारगडच्या निमित्ताने फलकांच्या गद्याविषयी

(१)

मराठी गद्याचे जे प्रकार आपण अभ्यासक्रमात शिकवतो त्यांत माहितीफलकाचा समावेश नाही. निबंध आहे, प्रवासवर्णन आहे, अलीकडे जाहिरातलेखनही आले आहे; पण किल्ल्याच्या पायथ्याशी, लेण्याच्या दाराशी किंवा डोंगरातल्या देवस्थानाच्या वाटेवर उभा असलेला पत्र्याचा फलक मात्र कोणीच ‘संहिता’ म्हणून वाचत नाही. वस्तुतः आयुष्यात एकही समीक्षाग्रंथ न उघडणारा माणूस हे गद्य वाचतो, त्यावर विश्वास ठेवतो, त्याचे छायाचित्र काढून घरी नेतो. इतका वाचक लाभलेल्या गद्याची चिकित्सा होऊ नये, हे आम्हांला वाङ्मयीन संस्कृतीचे लक्षण वाटत नाही.

आम्ही गोरेगाव (जि. गोंदिया) येथे मराठी शिकवणारे अध्यापक. आमच्या वर्गात झाडीबोली बोलणारे विद्यार्थी असतात, घरी पोवारी बोलणारे असतात, आणि ज्यांच्या आजीआजोबांची भाषा गोंडी आहे असेही असतात. या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन जिल्ह्यातील स्थळे पाहायची तर तेथील फलकांना टाळता येत नाही. म्हणून हा लेख. त्याचा विषय फलकाची रंगसंगती किंवा पत्र्याची जाडी नसून फलकाचे व्याकरण हा आहे. आणि आमचे म्हणणे थोडक्यात असे की, दुर्गम वारसास्थळांवरील फलकांचा मुख्य दोष माहितीच्या अभावात नाही. बोलणाऱ्याने स्वतःला लपवले आहे आणि ज्याच्याविषयी बोलायचे त्याला तृतीय पुरुषात ढकलले आहे, हा तो दोष होय.

(२)

नमुना म्हणून एक मजकूर रचून पाहू. हा कोणत्याही एका फलकावरचा नाही. अशा असंख्य फलकांचा अर्क मात्र आहे.

‘निसर्गरम्य परिसरातील ही गुहा हजारो वर्षे जुनी असल्याचे सांगितले जाते. गुहेविषयी अनेक दंतकथा प्रचलित आहेत. हे स्थळ आदिवासी बांधवांचे श्रद्धास्थान मानले जाते. येथे दरवर्षी मोठी यात्रा भरते. पर्यटकांनी परिसर स्वच्छ ठेवावा. आदेशावरून.’

पाच वाक्ये आणि एक शेवटचा शब्द. सांगितले जाते : कोण सांगते? प्रचलित आहेत : कोणामध्ये? मानले जाते : मानणारा कोण, आणि न मानणारा कोण? यात्रा ‘भरते’, जणू पावसाळ्यात तळे भरावे तशी. ती भरवणारी माणसे वाक्यात नाहीत. संपूर्ण मजकुरात कर्तव्य कोणाचे हे स्पष्ट सांगणारे वाक्य एकच, पर्यटकांना उद्देशून केलेल्या आज्ञेचे. आणि ज्याच्या नावाने आज्ञा दिली तो अधिकारीही ‘आदेशावरून’ या शब्दाच्या पडद्याआड आहे.

मराठी व्याकरणकारांनी कर्मणी प्रयोगाचे जे पोटप्रकार केले त्यांत ‘जाणे’ या सहायक क्रियापदाने साधणाऱ्या प्रकाराला ‘नवीन कर्मणी’ असे नाव दिले आणि तो इंग्रजी वळणाचा असल्याचे नोंदवले. परीक्षेत दोन गुणांसाठी विचारला जाणारा हा तपशील येथे एकदम अर्थपूर्ण होतो. ‘गोंड मानतात’ असे म्हटले की पुढचा प्रश्न अटळ ठरतो : कोणते गोंड, काय मानतात, त्यांना विचारले का? ‘मानले जाते’ म्हटले की विचारण्याची गरज संपते. कर्त्याचा लोप ही सोय आहे. कचेरीच्या भाषेने ती उचलली आणि कचेरीच्या भाषेतून ती फलकावर आली.

‘आदिवासी बांधव’ या शब्दयोजनेकडेही पाहावे. वरवर ती आदराची आहे. पण बांधवाला उद्देशून बोलताना आपण ‘तुम्ही’ म्हणतो. फलक त्याच्याशी बोलत नाही. त्याच्याविषयी, त्याच्या पाठीमागे, दुसऱ्या कोणाशी बोलतो. हा दुसरा कोणी म्हणजे शहरातून गाडीने आलेला, जागेची ओळख नसलेला, तासाभरात परत जाणारा मनुष्य. संहितेतला गृहीत वाचक तोच. ज्याच्या पूर्वजांची ही जागा आहे तो येथे वाचक म्हणून गृहीतच धरलेला नाही. त्याच्या मुलीने मात्र तो वाचलेला असतो. शाळेच्या सहलीत ती रांगेत उभी राहून मोठ्याने वाचते, आणि आईने सांगितलेल्या गोष्टीचे शासकीय नाव ‘दंतकथा’ असे आहे, हे तिला त्या दिवशी कळते. या लेखातला सगळा वाद तिच्यासाठी आहे.

(३)

आता प्रत्यक्ष स्थळाकडे वळू. गोरेगावहून आमगावमार्गे सालेकसा गाठावे आणि तेथून दरेकसाकडे जावे. मुंबई–हावडा लोहमार्गावरील दरेकसा हे छोटे स्थानक महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमाभागात आहे. या परिसरातील धनेगावहून डोंगरात वाट चढते ती कचारगडच्या नैसर्गिक गुहांकडे. गोंदिया शहरापासून हे अंतर सुमारे ५५ किलोमीटर. माघ पौर्णिमेच्या सुमारास येथे महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा आणि इतर राज्यांतून गोंड समाजाचे लोक मोठ्या संख्येने येतात. ‘जय सेवा’ असे एकमेकांना अभिवादन करतात. कोया पुनेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या जीवनदृष्टीचे हे उगमस्थान.

यात्रेला आजचे व्यापक रूप आले ते १९८० च्या दशकानंतर, आणि त्यात नागपूरचे भाषाअभ्यासक मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) व त्यांचे सहकारी यांचा मोठा वाटा आहे. कंगाली यांनी लिहून ठेवलेल्या परंपरेनुसार काली कंकालीच्या तेहतीस मुलांना शंभूने या गुहेत कोंडले आणि तोंडाशी शिळा लावली. जंगो रायताडच्या ममतेने, पारी कुपार लिंगोच्या ज्ञानाने आणि हिरासुका पाटालीर या वादकाच्या किंगरीच्या सुरांनी ती शिळा हलली. मुले सुटली, पण हिरासुका शिळेखाली सापडून गेला. लिंगोने त्या मुलांना पुनेमची शिकवण दिली आणि त्यांच्यापासून गोंडांची सगा व गोत्रव्यवस्था उभी राहिली.

या कथेचा दुसरा, छापील दृष्ट्या अधिक जुना पाठ आहे. नागपूरला राहिलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधानांकडून लिंगोचे दीर्घ गीत गोंडीत उतरवून घेतले. १८६३ साली टाकळघाटजवळ ओढ्याच्या पुरात हिस्लॉप बुडून मरण पावले. त्यांचे कागद मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. या पाठात गोंडांना गुहेत कोंडणारा महादेव आहे. त्यातून चौघे निसटतात आणि काचीकोपा लहुगड येथे आश्रय घेतात. पुढे लिंगो येऊन उरलेल्यांना सोडवतो. कचारगडला लोखंडाशी जोडणारी व्युत्पत्ती आणि कंगाली यांची मांडणी या लहुगडाची वा लोहगडाची ओळख याच डोंगराशी पटवते.

साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे. एका पाठात लोहगड ही सुटून आलेल्यांची आश्रयाची जागा आहे. दुसऱ्या पाठात ती कोंडले जाण्याची आणि मुक्तीची जागा आहे. एका पाठात महादेव हे नाव आहे, दुसऱ्यात शंभू आहे; आणि त्या दोन नावांमागे हिंदू पुराणपरंपरेशी गोंड परंपरेचे नाते काय, हा आजही धगधगता प्रश्न उभा आहे. ‘गुहेविषयी अनेक दंतकथा प्रचलित आहेत’ या पाच शब्दांखाली एवढे सगळे गाडले गेले आहे. पाठभेद, संकलनाचा इतिहास, अनुवादाचा इतिहास, एका समाजाचे आत्मभान : सगळे. जेम्स फोर्सिथ यांनी १८७१ च्या आपल्या ग्रंथात हेच गीत लाँगफेलोच्या ‘हायवाथा’च्या छंदात इंग्रजीत आणले. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी लिंगोची कथा अमेरिकी महाकाव्याच्या चालीत लंडनपर्यंत पोहोचली, आणि ज्या डोंगराशी गोंड समाज ती जोडतो त्या डोंगराच्या पायथ्याशी तिला ‘दंतकथा’ या एका शब्दावर भागवून घ्यावे लागते. हिस्लॉपच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर हिस्लॉपचे नाव आहे आणि टेंपलचेही आहे. गाणाऱ्या परधानाचे नाही. कर्त्याचा लोप तेव्हापासूनचा आहे.

(४)

यावर कोणी म्हणेल, फलकाने शास्त्रीय असावे. कथा ज्याची त्याने घरी सांगावी. हे म्हणणे आम्ही गंभीरपणे घेतो. पण मग शास्त्राचीच कसोटी फलकाला लावू.

कचारगडविषयीच्या पर्यटनमाहितीत ही गुहा ‘पंचवीस हजार वर्षे जुनी’ असल्याचे वाक्य फिरत असते. कधी तिला ‘आशिया खंडातील सर्वांत मोठी’ असेही म्हटलेले असते. दुसऱ्या विधानाचा निकाल सोपा आहे. व्हिएतनाममधील सोन डूंग या गुहेचे सर्वेक्षण २००९ मध्ये झाले; ती कित्येक किलोमीटर लांब आहे, आणि व्हिएतनाम आशियातच आहे. पहिले विधान अधिक फसवे, कारण ते आकड्याच्या वेषात येते. पंचवीस हजार वर्षे कशाची? खडकात पोकळी तयार होण्याचे वय निराळे असते, तिथे माणसाचा वावर सुरू झाल्याचे वय निराळे असते, आणि ती जागा पवित्र ठरल्याचे वय तिसरेच असते. पहिल्याचे उत्तर भूशास्त्र देते. दुसऱ्यासाठी उत्खननातील थर, त्यांत सापडलेली हत्यारे, कोळसा, हाडे यांचे कालमापन लागते. तिसऱ्याचे उत्तर बहुधा कोणत्याच प्रयोगशाळेत मिळत नाही. तीन प्रश्नांना मिळून एक आकडा देणे हे शास्त्र नव्हे. ते नवसाचेच एक रूप आहे. फक्त नवस आकड्याला बोललेला आहे.

आणि गंमत पाहा. जिथे पुराव्याची अपेक्षा करावी तिथे फलक पंचवीस हजारांचा आकडा निःशंकपणे देतो. जिथे हजारो जिवंत माणसे स्वतः येऊन ‘आम्ही येथून आलो’ असे सांगतात तिथे तो ‘मानले जाते’ म्हणून अंग चोरतो. ठामपणा आणि संकोच या दोन्ही गोष्टी नेमक्या उलट जागी वापरल्या आहेत.

ही तफावत समजण्यासाठी वाटेतल्या आमगावलाच थांबता येते. आमगाव तालुक्यातील पदमपूर म्हणजेच भवभूतीचे पद्मपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. संस्कृतच्या या आठव्या शतकातील नाटककाराचे जन्मस्थान आपल्या जिल्ह्यात असावे याचा अभिमान गोंदियात सर्वत्र आहे, आम्हांलाही आहे. पण तो एका विद्वानाचा साधार अभिप्राय आहे, आणि त्याच्या मागे मिराशींचे नाव उभे आहे. कोणीही त्याला ‘संस्कृतज्ञ बांधवांची श्रद्धा’ म्हणत नाही. आम्ही मागतो ते इतकेच : पदमपूरला जसे मिराशींचे नाव, तसे कचारगडला कंगालींचे नाव, आणि कंगालींच्या आधी ज्या परधानांनी, ज्या वृद्ध स्त्रीपुरुषांनी ही कथा जिवंत ठेवली त्यांचे नाव. मत ज्याचे त्याच्या नावावर जमा करावे. हा हिशेबाचा साधा नियम आहे.

(५)

हा नियम मराठीला नवा नाही. फलकलेखकांना परदेशी पुस्तके वाचायला सांगण्याआधी आम्ही त्यांना महानुभावांचे वाङ्मय वाचायला सांगू.

तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’साठी चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या त्या ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्यांना गाठून, विचारून. पुढे मूळ पोथी हरवली तेव्हा अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. स्मरणे वेगळी निघाली तेव्हा त्यांनी एकाला खरे आणि दुसऱ्याला खोटे ठरवून टाकले नाही. हिराइसेचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ अशी नावे लावून ते सांभाळले. मराठी गद्याच्या पहिल्या मोठ्या ग्रंथाचा हा स्वभाव आहे : कोणी सांगितले ते सांगा, आणि दोघांनी दोन सांगितले तर दोन्ही सांगा. त्याच परंपरेतील ‘स्थानपोथी’ तर स्थळांविषयीच लिहिलेली. चक्रधरांचा जिथे जिथे वावर झाला त्या जागांची, देवळांची, दिशांची, दारांची ती नोंद आहे. स्थळाचे वर्णन भक्ताने भक्तासाठी केले आहे, आणि तरीही ते इतके नेमके आहे की मध्ययुगीन महाराष्ट्राच्या इतिहासकाराला आजही ते उपयोगी पडते. श्रद्धा आणि नेमकेपणा यांचे वैर नाही, हे दाखवायला याहून चांगला पुरावा आम्हांला ठाऊक नाही.

मग आपल्या फलकांचे पूर्वज ‘स्थानपोथी’ का नाहीत? कारण ते दुसऱ्या घराण्यातून आले आहेत. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा आणि १९६० चा राज्याचा कायदा यांनी संरक्षित स्थळी सूचनाफलकाची भाषा रूढ केली : हे स्मारक अमुक कायद्यान्वये संरक्षित आहे, नासधूस करणारा अमुक शिक्षेस पात्र होईल. हा फलक आवश्यक आहे. स्मारक वाचवण्यासाठी तो हवाच. त्याचे काम ताकीद देण्याचे आहे आणि ते तो चोख करतो. बिघाड पुढे झाला. स्थळ समजावून सांगण्याची वेळ आली तेव्हाही तोच कारकुनी आवाज, तोच अनामिक बोलणारा पुढे सरसावला. ताकीद देणाऱ्यालाच कथा सांगायला बसवले.

(६)

जगात अन्यत्र या प्रश्नाचा विचार झाला आहे. अमेरिकी राष्ट्रीय उद्यानांच्या अनुभवावर आधारलेल्या, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात फ्रीमन टिल्डन यांनी स्थळाचे विवरण हे माहिती पुरवण्यापेक्षा पाहणाऱ्याला विचारप्रवृत्त करण्यासाठी असते, असे सांगितले. २००८ मध्ये ‘इकोमॉस’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने वारसास्थळांच्या विवरणाची सनद स्वीकारली. तीत मौखिक साक्षींना स्रोत म्हणून स्थान आहे आणि संबंधित समाजाचा सहभाग हे तत्त्व आहे.

पण आमच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियातील उलुरूचे. १९८५ मध्ये हा प्रचंड शिलाखंड आणि त्याभोवतीची भूमी तेथील अनंगू लोकांना परत करण्यात आली. त्यानंतरही पर्यटक शिळेवर चढत राहिले. पायथ्याशी फलक लागला तो अनंगूंच्या आवाजातला : हे आमचे घर आहे, आम्ही यावर चढत नाही, तुम्हीही चढू नका अशी विनंती. कायद्याने बंदी नसताना केलेली ही विनंती वर्षानुवर्षे तिथे उभी होती. चढणाऱ्यांचे प्रमाण घटत गेले आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली. आणखी दोन गोष्टी तिथे शिकण्यासारख्या आहेत. अनंगूंनी आपल्या ‘चुकुर्पा’ या संकल्पनेला ‘स्वप्नकाळ’ असे गोंडस इंग्रजी नाव देण्यास हरकत घेतली. शब्द तसाच ठेवून तो समजावून सांगितला. आणि शिळेचे काही भाग असे आहेत की त्यांचे छायाचित्र काढू नये एवढेच फलक सांगतो. त्यांची कथा तो सांगत नाही, कारण ती परक्याला सांगायची नसते.

या दोन्ही गोष्टी कचारगडला लागू पडतात. ‘पेन’ म्हणजे ‘देव’ असे एका झटक्यात भाषांतर केले की फडापेन हा आपल्या देव्हाऱ्यातला आणखी एक देव होऊन बसतो. ‘पुनेम’ म्हणजे ‘धर्म’ म्हटले की शिरगणतीच्या रकान्यात तो कोठे बसवायचा हा वाद सुरू होतो. हे शब्द मूळ रूपात ठेवावेत आणि वाचकाला थोडे कष्ट पडू द्यावेत. तसेच, काय सांगायचे नाही हे ठरवण्याचा अधिकार हा काय सांगायचे हे ठरवण्याच्या अधिकाराइतकाच मोठा आहे. सर्व काही उघड करून सांगणे म्हणजे संवेदनशीलता, हा पर्यटनखात्याचा समज आहे. कुलाचाराच्या गोष्टी उंबऱ्याबाहेर सांगत नाहीत, हे आपल्या घरात आपल्याला कळते. दुसऱ्याच्या घराबाबत कळायला काय हरकत आहे?

(७)

आता आक्षेप. आमच्या सहकाऱ्यांपैकीच काहींनी तो जोरकसपणे घेतला आहे. प्रत्येक समाजाने आपापला फलक लिहायचा म्हटले तर उद्या प्रत्येक टेकडीवर दावे आणि प्रतिदावे उभे राहतील. इतिहास हा बहुमताने किंवा भावना दुखावण्याच्या भीतीने ठरू लागेल. महाराष्ट्रात हे घडलेले आहे, याकडे डोळेझाक करून चालणार नाही.

आम्ही तशी डोळेझाक करत नाही, आणि म्हणूनच ‘समाज म्हणेल ते लिहा’ असे आमचे म्हणणे नाही. आम्ही साक्ष आणि निष्कर्ष यांत भेद करतो. ‘आम्ही आमचा उगम येथे मानतो’ ही साक्ष आहे. ती देणाऱ्याने प्रथम पुरुषात, आपल्या नावाने द्यावी; तिला पुराव्याचे ओझे नाही, कारण ती स्वतःविषयीचे विधान आहे. ‘या थरातील हत्यारे अमुक काळातील आहेत’ हा निष्कर्ष आहे. तोही काढणाऱ्याने आपल्या नावाने, उत्खननाचे वर्ष आणि कालमापनाची पद्धत यांसह द्यावा. तो उद्या चुकीचा ठरला तर बदलावा. दावेदारीची भांडणे माजतात ती साक्ष निष्कर्षाच्या भाषेत बोलू लागते तेव्हा, आणि निष्कर्ष साक्षीच्या जागेवर जाऊन बसतो तेव्हा. ‘मानले जाते’ हे क्रियापद नेमके हेच करते. त्यात दोघेही आहेत आणि दोघांपैकी कोणीच जबाबदार नाही. दोन आवाज दोन ओळींत वेगळे केले की वाद संपत नाही हे खरे, पण वाद कशाविषयी आहे ते तरी कळते. त्याच न्यायाने पंचवीस हजारांचा आकडा यात्रेकरूंना प्रिय असला तरी पुराव्याशिवाय तो निष्कर्षाच्या ओळीत येता कामा नये. आदर म्हणजे सवलत नव्हे.

दुसरा आक्षेप असा की समाजाचा आवाज एक कोठे आहे? तो नाहीच. स्वतःला हिंदू म्हणवणारे गोंड आहेत, तसे न म्हणवणारे आहेत. कथा गाणारे परधान आणि ती ऐकणारे गोंड यांच्या दृष्टी एक नाहीत. लिंगोला केंद्रस्थानी ठेवणारी कथा स्त्रियांच्या तोंडी जंगो रायताडभोवती फिरू शकते. यावर उपाय महानुभावांनी दाखवलाच आहे. दोन पाठ असतील तर दोन पाठ द्यावेत, नावानिशी.

(८)

टीका करणाऱ्याने पर्यायही सांगावा, ही अपेक्षा रास्त आहे. मजकूर आम्ही लिहून देणार नाही. तो आमचा अधिकार नाही. चौकट मात्र सुचवतो.

मजकुराची पहिली भाषा गोंडी असावी. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा नोंदवली. तरीही ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. लिपी कोणती हा प्रश्न नाजूक आहे. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली लिपी २०१७ पासून युनिकोडमध्ये आहे, आदिलाबादकडील गुंजाळा लिपी २०१८ पासून आहे, आणि आमच्या भागात अनेकांना देवनागरीच वाचता येते. निवड वाचणाऱ्यांनी करावी. गोंडीनंतर मराठी, मग हिंदी, कारण यात्रेकरू तीन-चार राज्यांचे आहेत. इंग्रजी शेवटी. गोंडी मजकूर हा मराठीचा अनुवाद नसावा. मराठी हा गोंडीचा अनुवाद असावा, आणि अनुवादकाचे नाव खाली असावे.

फलक कोठे लावायचा हाही मजकुराचाच भाग आहे. गोंड परंपरेत साजा, म्हणजे आपला ऐन, हा बडादेवाचे ठिकाण असलेला वृक्ष. त्याच्या खोडात खिळे ठोकून ‘वारसा जपा’ असा फलक लावला तर वाक्य आणि खिळा परस्परविरुद्ध बोलतात. गुहेच्या तोंडाशी, पूजेच्या जागी, वाटेवरच्या पेनठान्यांजवळ काहीही लावू नये. जे सांगायचे ते पायथ्याशी सांगावे आणि वर माणसाला मोकळे सोडावे. मजकूर चढणाऱ्याला उभ्या उभ्या वाचता येईल इतकाच असावा. अक्षर मोठे असावे, आणि फलक दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा.

शेवटची गोष्ट अधिकाराची. आदिवासी स्वशासनाचा १९९६ चा ‘पेसा’ कायदा अनुसूचित क्षेत्रांपुरता आहे आणि गोंदिया जिल्हा त्या क्षेत्रात मोडत नाही, त्यामुळे त्याचा आधार येथे नाही. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ५ ग्रामसभेला आपल्या सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाला बाधा आणणाऱ्या गोष्टींपासून आपला अधिवास राखण्याचा अधिकार देते. वाईट फलक ही अशी बाधा आहे का, हा कायदेपंडितांच्या कीसाचा विषय होईल. आमच्या मते ग्रामसभेपुढे वाचून दाखवल्याशिवाय मजकूर पत्र्यावर चढू नये, एवढ्यासाठी तो आधार पुरेसा आहे. माघ पौर्णिमेला हजारो जाणकार आपणहून येथे येतात. मसुदा वाचून दाखवायला याहून मोठी सभा कोणाला मिळणार? ज्यांनी कथा सांगितली त्यांना मानधन द्यावे, त्यांची नावे लिहावीत, आणि फलकावर तारीख घालावी, म्हणजे पुढच्यांना तो बदलण्याची मुभा राहील. रंगकाम करणाऱ्या कंत्राटदाराला देयक मिळते. मजकुराच्या मूळ धन्यालाच तेवढे काही मिळत नाही, ही रीत मोडली पाहिजे.

(९)

हे काम पुरातत्त्वखात्याचे किंवा पर्यटनमंडळाचे आहे, साहित्याच्या अध्यापकांचा त्यात काय संबंध, असे विचारले जाईल. आम्हांला तर हे काम आमचेच वाटते. निवेदक कोण, गृहीत वाचक कोण, कर्ता का लोपला, पाठभेद कसे नोंदवावेत, एका भाषेतला शब्द दुसरीत नेताना काय सांडते, हे प्रश्न विचारण्याचे शिक्षण ज्यांना मिळाले आहे ते दुसरे कोण आहेत? आपल्या विभागांतून दरवर्षी कितीतरी लघुप्रबंध लिहिले जातात. त्यांतले काही आपापल्या तालुक्यातील फलकांवर लिहिले जावेत. विद्यार्थ्यांनी फलकाचा मजकूर वहीत उतरवून घ्यावा, त्यातील प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधावा, तो सापडला नाही तर गावात जाऊन विचारावे, आणि मिळालेले उत्तर नावासह नोंदवावे. म्हाइंभटांनी याहून वेगळे काही केले नव्हते.

फलक बदलायला वर्षे लागतील. तोवर निदान आपल्या वर्गात आणि आपल्या लेखनात ‘मानले जाते’ हे क्रियापद विनाचौकशी आत येऊ देऊ नये, असे आम्ही ठरवले आहे. कोणीही ते लिहिले की आम्ही समासात एकच शब्द लिहितो : कोणाकडून?